दुबार ओळ

३ मार्च, सोमवार
नवं गाव, नवी नोकरी, पहिला दिवस, आणि मी भलतीच खूश! कंपनीने घर दिलंय. खिडक्या इतक्या की आणलेले पडदे पुरेनात. शिवाय मुलींच्या शाळेची फी कंपनीच भरणार. आमच्या जुळ्यांपैकी थोरली काही मिनिटांनीच थोरली, पण रुबाब आजीबाईचा. धाकटीच्या वेण्या तीच घालते. माझ्या हातच्या वेण्या बाईसाहेबांना चालत नाहीत.

काम माझ्या स्वभावाला साजेसं आहे. बँकेकडून व्यवहारांची फाईल येते. आमच्या खातेवहीशी जुळवण्याआधी ती साफ करायची. वरचे मथळे काढायचे, तारखा एका साच्यात बसवायच्या, रकमांमधले स्वल्पविराम उडवायचे, दोनदा आलेली ओळ एकदाच ठेवायची. मला तर घरातसुद्धा दोन सारखे डबे शेजारी दिसले की चैन पडत नाही. आमचे मुख्य हिशेबनीस, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते म्हणाले की अशी माणसं हल्ली मिळत नाहीत. मी दिवसभर हवेत होते.

५ मार्च, बुधवार
ऑफिसच्या फाटकावर दोन पहारेकरी असतात, एक जाडा, एक लुकडा. मुलींनी लगेच त्यांचं बारसं केलं: भोपळा आणि काठी. आज फाईलमध्ये पहाऱ्याच्या पगाराच्या दोन ओळी होत्या, तारीख तीच, रक्कम तीच. दुबार समजून एक उडवली. घरी येताना डोक्यात प्रकाश पडला. अगं बाई, माणसं दोन आहेत! उद्या सकाळी गेल्या गेल्या सुधारीन.

६ मार्च, गुरुवार
फाटकावर एकटा भोपळा. काठी कुठे विचारलं, तर म्हणाला की इथे पहिल्यापासून मी एकटाच आहे. मामाही तेच म्हणाले, वर मला जरा आराम करायला सांगितलं. खातेवही उघडली, तर तिथेही एकच पगार. ताळा चोख. दुपारपर्यंत मलाच त्या माणसाचा चेहरा आठवेना. ही वही पर्समध्ये होती म्हणून, नाहीतर तो होता हेच विसरले असते.

बँकेकडून मूळ फाईल परत मागवली आणि चढवली. संध्याकाळी काठी फाटकावर उभा, नेहमीसारखा सलाम ठोकत. मी त्याच्यासमोर रडले. त्याला वाटलं, माझ्या घरी काही झालंय.

मामांना सांगायचं होतं, पण ते मला वेड्यात काढतील म्हणून गप्प बसले.

७ मार्च, शुक्रवार
धाकटीला ताप. रजा घेतली. थोरली एकटी शाळेत गेली, जाण्याआधी हिच्या वेण्या घालून.

दुपारी मामांचा फोन आला. मोठ्या मायेने म्हणाले की पोरीजवळ बस, तुझी फाईल मीच उरकली, शाळेची फी दोनदा आली होती, एक ओळ काढून टाकली.

धावत शाळेत गेले. बाई म्हणाल्या की तुमची मुलगी तर आज तापाने घरी आहे ना?

बँक बंद झालेली. आता थेट सोमवारी. घरी हे म्हणतात, आपल्याला एकच मुलगी आहे — माझ्याच कपाळाला हात लावून ताप बघतात —

थोरली आहे. तिच्या डाव्या भुवईवर खूण आहे. सोमवारी मूळ फाईल मागव. विसरू नकोस. आई आहेस तिची —

८ मार्च, शनिवार
डाव्या भुवईवर, असं लिहिलंय. मला मात्र काहीच दिसत नाही — चेहरा धाकटीसारखाच असणार, जुळ्या ना — पण आवाज? भिंतीकडे ती झोपायची की ही?

धाकटी केस मोकळे सोडून बसलीय. मला हात लावू देत नाही. कुणाची तरी वाट बघतेय —

९ मार्च, रविवार
उद्या फाईल मागव. हातावरही लिहून ठेवलंय. फार भीती वाटते. कसली, ते —

१० मार्च, सोमवार
लेकीचा ताप उतरला. हातावर शाईने काहीतरी खरडलं होतं, ते अंघोळीत गेलं. ऑफिसात ताळा चोख, मामा खूश. मागच्या पानांवर थोरली, थोरली असं काय लिहिलंय? जाऊबाईंची थोरली असेल.

संध्याकाळी लेक नाइलाजाने माझ्यासमोर वेण्या घालायला बसली. मधेच विचारते, आई, मी तुमची एकुलती एक, मग सगळे मला धाकटी का म्हणता? मी कोणाहून धाकटी?

मला हसू आलं. उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि तिची वेणी अर्धीच सोडून ही वही उघडली. कोणाहून — कोणाहू