खालच्या ओळीतला उजवा अंगठा

लखनौ,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय उत्कर्षाताई,

तुला आणि भाऊजींना जयभीम. इथली गरमी एकदाची ओसरली. पद्मिनीचा गुडघा आता बरा आहे. माझ्या ऑफिसात ट्रान्सफरच्या अफवा नेहमीसारख्याच. शाळेतल्या तुझ्या निरोप समारंभाची तारीख कळली आणि लगेच नागपूरची तिकिटं काढली. हो, सावनीचंही.

सोबत छापील पानं आहेत. सावनी लहान असताना तू तिच्यासाठी पियानोची जी रचना केली होतीस, ती तिने कॉम्प्युटरवर उतरवली आहे. नुसते स्वर नाहीत, कुठला स्वर कोणत्या बोटाने वाजवायचा ते आकडेसुद्धा. अंगठा एक, करंगळी पाच, हे तूच मला कधीतरी समजावलं होतंस. पण एवढासा आकडा जागेवर बसवायला इतका जीव लावावा लागतो, हे मला या महिन्यात कळलं.

आकडा टाईप केला की कॉम्प्युटर तो आपल्या मर्जीने बसवतो. कधी स्वराच्या दांडीवर चढवतो, कधी वरून जाणाऱ्या कमानीत अडकवतो. पोरगी तो केसभर सरकवते, पान छापते, पियानोवर ठेवते, वाजवून बघते आणि पुन्हा येऊन सरकवते. मी म्हटलं, "अगं, दिसतोय की आकडा." तर म्हणाली, "पप्पा, दिखना काफ़ी नहीं है. बजानेवाले की नज़र वहाँ अटकी, तो हाथ भी अटकेगा."

मी पाल्हाळ लावतोय, तुझ्या लक्षात आलंच असेल.

ताई, डाव्या हाताची ओळ बघ. तिथे चार आणि पाच हे आकडे कुठेच नाहीत. ते छापायचे राहून गेलेले नाहीत.

जूनमध्ये मलिहाबादहून दशहरी आंबे घेऊन परतताना आमच्या गाडीला ट्रॅक्टरने बाजूने ठोकलं, हे तुला फोनवर सांगितलं होतं. सावनीच्या हाताला मार लागलाय, इतकंच म्हणालो होतो. तिच्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट डॉक्टरांना वाचवता आली नाहीत. तुला सांगायचं नाही, असं तिनेच आमच्याकडून कबूल करून घेतलं. "आत्याला कळलं तर ती माझ्यासाठी सोपं काहीतरी लिहून पाठवेल," म्हणाली. हे मात्र मराठीत म्हणाली.

दोन महिने तिने पियानोचं झाकण उघडलं नाही. छावणीतल्या शाळेत पियानो शिकवायला जायची, पण मुलांना नुसतं तोंडाने सांगायची. मग एका रविवारी आम्ही स्वयंपाकघरात होतो, तेव्हा डाव्या हाताचा एकच खालचा स्वर ऐकू आला. थोडी शांतता. मग चुकीचा स्वर. पुन्हा तोच खालचा. मी उठलो, तर पद्मिनीने कणकेच्या हाताने माझा सदरा धरला. "जाऊ नका आत," म्हणाली. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो.

तेव्हापासून ती तुझी रचना स्वर न स्वर उलगडते आहे. करंगळीचा स्वर मधल्या बोटाने वाजवते, पायाच्या पेडलने तो धरून ठेवते आणि तेवढ्यात हात उचलून वरच्या स्वरांवर नेते. दुसऱ्या पानावर मात्र डाव्या हाताला चार स्वर एकदम आहेत. तिथे पेडल दाबलं की सगळं गढूळ होतं. म्हणून त्यातला एक स्वर तिने उजव्या अंगठ्याला दिला.

पण तो स्वर छापलाय खालच्या, म्हणजे डाव्या हाताच्याच ओळीत. कॉम्प्युटर त्याचा 'एक' हट्टाने खाली ठेवायचा. सगळा दिवस ती त्याच्याशी झगडत होती. पद्मिनीला यातलं काही कळत नाही, तीसुद्धा म्हणाली, "पण हा अंगठा कुठल्या हाताचा, ते वाचणाऱ्याला कसं कळणार?" सावनी पुन्हा कॉम्प्युटरकडे वळली. मग तिने तो आकडा स्वराच्या वर नेला आणि बाजूला उजव्या हाताच्या ओळीकडे जाणारा छोटा कंस काढला. वाजवून पाहिलं. "अब कोई भी बजा सकता है, मम्मी. तीन उँगलियोंवाला भी." आणि हसली. जूननंतर पहिल्यांदा.

मी आयुष्यभर इंजिनीअरांची ड्रॉइंगं तपासत आलो. ते पान मी एकही खूण न करता तिला परत दिलं.

तुझ्या समारंभात ती हेच वाजवणार आहे. अंगठ्याला दिलेला तो स्वर तुला चालेल का, एवढंच तिने तुला विचारायला सांगितलंय. रडायचं असेल तर आजच रडून घे, ताई. मग पेन्सिल घेऊन बस. जिथे खटकेल तिथे खूण कर, पूर्वी करायचीस तशी, अजिबात दयामाया न दाखवता. तुझी माया तिला हवीच आहे, पण आत्ता तिला तिची बाई हवी आहे.

पानं परत पाठव. कोरी पाठवू नकोस.

तुझा,
सुगत