पालथी पाटी

कुंभारीचा माळ, १९७४

धोंडप्पा पाटील,

तुमाला रामराम घालायची इच्छा न्हाय.

देवीपुढं गव्हाचे दाणे मांडून कौल घेतला, तवाच आमी सात पारधी तुमच्या गावाची राखण करायला उभं ऱ्हायलो. चार वर्षांत एक शेळी गेली न्हाय. बायका दारं उघडी टाकून रानात जायला लागल्या. आन् काल देवळातला चांदीचा मुखवटा गेला, तर तुमी पयलं आमच्या सातातल्या भीमालाच फौजदाराकडनं झोडपून घेतलं!

देवळामागं मला टाच न टेकलेलं पाऊल घावलं. त्या पावलांचा माग तुमच्या परसदारी गेला. तुमचा लेक तसाच चालतो की!

त्या पावलावर मी पाटी पालथी घातलीया. हे पत्र धाडलं तर तुमी पाऊल पुसाल, म्हणून धाडत न्हाय. उद्या गावासमोर ती पाटी तुमालाच उचलायला लावीन.

अजूनबी गावाचा राखणदार,
हरण्या पारधी