बुधरीची माती

१२ फेब्रुवारी १९५६, रविवार

माफ कर. पाच महिने तुला उघडले नाही. बुधरी गेली त्या दिवशी दोन ओळी लिहिल्या, त्यानंतर पाने कोरीच. आधी मला ताप, मग शाळेचे छप्पर, मग कुनैन संपले म्हणून चांद्याच्या फेऱ्या. कारणे खरी आहेत. पण ताप काही पाच महिने नव्हता! दिवसाकाठी लिहिण्यासारखे एक वाक्यही कोणाशी बोलणे होत नाही, हे लिहायची लाज वाटत होती.

आज मिशनच्या उपासनेला चौघे. त्यातला एक पेंगत होता. मी विश्वासावर बोललो. बरे बोललो असे मलाच वाटले, म्हणजे बहुधा वाईट बोललो.

बाहेर आलो तर पायरीवर लालसू बसलेला. बुधरीचा बाप. ओढ्यापलीकडच्या टोल्यावरून, त्यांच्या गोंड वस्तीतून, पहाटेच निघाला असणार. आत कधी येत नाही. माझे संपेपर्यंत तंबाखू मळत बसतो.

म्हणाला, "मास्तर, या साली मेले त्यांचे दगड लावून राह्यलो आमी. चार दगड. एक माह्या पोरीचा."

मी म्हणालो, लाव की.

"लावीन. पन ती तुह्या जागेत हाय. तिच्यावरची मूठभर माती दे."

त्यांच्यात असे आहे. मेलेल्याचा जीव पुरल्या जागीच घुटमळतो. तिथली माती नेऊन, पूजा करून, त्याला वाडवडिलांत आणून बसवायचे. मग दगड उभा करायचा. तोवर त्याला घर नाही.

मी म्हणालो, "लालसूभाऊ, बुधरी घुटमळत नाही. ती प्रभूजवळ आहे."

"तू पाहून आला का?"

टोमणा नव्हता. खरेच विचारले त्याने, जसे आलापल्लीचा बाजार भरला होता का म्हणून विचारावे.

"पाहिले नाही. पण मला ठाऊक आहे."

"असं," म्हणाला, आणि उठून गेला.

१३ फेब्रुवारी

'ठाऊक आहे' का म्हणालो? 'माझा विश्वास आहे' म्हणता आले असते.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

बुधरीबद्दल लिहून ठेवतो. पुढेमागे माझीही आठवण दगा देईल.

ती लालसूची थोरली. नऊ वर्षांपूर्वी पायाचे व्रण घेऊन मिशनच्या दवाखान्यात आली, बरी झाली आणि इथेच राहिली. माझ्या बायकोने, यमुनेने, तिला पट्ट्या बांधायला शिकवले, वाचायला शिकवले. यमुना अंथरुणाला खिळली तेव्हा तिचे सारे बुधरीने केले. पोटच्या मुलीने केले नसते इतके. आम्हाला पोटची नव्हतीच. बाप्तिस्मा तिने स्वतः मागितला. यमुनेमुळे मागितला की प्रभूमुळे, हे मी तिला विचारले नाही. उत्तराची भीती वाटली असावी. नाव मार्था ठेवले. त्या नावाने तिला कोणीच हाक मारली नाही. मीही विसरायचो.

सप्टेंबरात हिवताप डोक्यात गेला. तीन दिवसांत संपले. तिला मी यमुनेच्या कबरेशेजारी पुरले. लालसू आला होता.  मुलगी बापाच्या मातीत जावी असे त्याला वाटत असेल, हे मला तेव्हा सुचलेही नाही. सुचलेच नाही!

१९ फेब्रुवारी, रविवार

लालसू पुन्हा आला. वालाच्या शेंगा आणल्या होत्या. मी नको म्हटले, त्याने ओसरीवर ओतल्या.

मी रात्रभर जुळवून ठेवलेले बोललो. प्रभूने आमच्यासाठी जागा तयार केली आहे, जो विश्वास धरतो तो मेला तरी जगेल, वगैरे. त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला —

"आन् तुहं चुकलं असन तं?"

मी ओसरीवरच्या शेंगा गोळा करू लागलो.

"पाह्य मास्तर. माहं चुकलं असन तं काई बिघडत नाई. येनाच्या झाडाखाली एक दगड जास्तीचा. तुहं चुकलं असन तं पोरगी पाच महिने झाले बाहेर फिरून राह्यली. पावसात फिरली. थंडीत फिरली."

नागपूरला कॉलेजात मी तर्कशास्त्रात पहिला आलो होतो.

मी उलट विचारले, "तुझे चुकू शकते असे तू म्हणतोस?"

तो हसला. "काऊन नाई? देवाचं काम हाय ते. मानसाले सारं कसं समजन? म्हनून तं आमी विचारतो. माह्या बापाचा दगड लावताना चुकलोच होतो ना. लाल कोंबडा दिला. त्याले काळा पाहिजे होता. आलाच नाई!"

"मग?"

"मंग काय. सालभर रुसून बसला. दुसऱ्या साली काळा दिला, तवा आला. जिता होता तवा बी असाच होता."

मलाही हसू आले. किती दिवसांनी! तो गेल्यावर ओसरी फार मोठी वाटली.

२० फेब्रुवारी

दर रविवारी मी मोठ्याने म्हणतो : मी पापी आहे, मी चुकलो आहे. जीभ अडखळत नाही. पण माझी नीती चुकली म्हणणे निराळे, आणि माझा विश्वासच चुकला असेल म्हणणे निराळे. पहिल्याने माणूस नम्र ठरतो. दुसऱ्याने काय ठरतो?

मी काही आंधळा नाही. वाचलेले आहे. वाद केलेले आहेत. विशीत तर चांगलेच केले. पण तेव्हा माझे कोणी मेले नव्हते.

खरी गोष्ट अशी की मला देवाची काळजी नाही. चूक निघाली तर तो आपले पाहून घेईल. मला यमुनेची काळजी आहे. चूक असेल तर यमुना कुठे आहे? लालसू निदान विचारून पाहू शकतो. आमच्यात विचारायची सोय नाही. विश्वास ठेवायचा आणि थांबायचे.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

डाक आली. चांद्याच्या पाद्रीसाहेबांना मी विचारले होते की माती द्यावी का. उत्तर पोस्टकार्डावर. "मूर्तिपूजेस कोणत्याही प्रकारे हातभार लावू नये. प्रेमाने समजूत घालावी." पुढे प्रकृतीची चौकशी.

बरोबरच आहे. मी त्यांच्या जागी असतो तर हेच लिहिले असते, कार्डसुद्धा हेच.

२६ फेब्रुवारी, रविवार

तिसऱ्यांदा आला. या खेपेला बरोबर मंगली, त्याची बायको. ती कबरस्तानाच्या फाटकाला धरून उभी राहिली. वर्षभर उभी राहिली असती.

मी लालसूला म्हणालो, "फाटकाला कुलूप नसते. मी घरात जाऊन बसतो. तू काय नेतोस ते मी पाहणार नाही."

ते त्याला आवडले नाही. "चोरून नाई नेत, मास्तर. पोरीले चोरून नेऊ का? तू दे. तुह्या हातानं."

पळसाच्या पानांचा द्रोण त्याने माझ्यापुढे धरला. ती दोघे फाटकाबाहेर थांबली. मी आत गेलो.

द्रोण भरून आणून दिला. मंगलीने तो पदराखाली घेतला, लेकरू घ्यावे तसा.

बाकीचे उद्या लिहीन.

२७ फेब्रुवारी

आज काही लिहीत नाही.

१ मार्च, गुरुवार

टोल्यावर जाऊन आलो. जाऊ नये असे ठरवले होते. लालसूने बोलावणे पाठवले, "पोरीचा मास्तर हाय, ये मन."

येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडाखाली जुने दगड, काही माझ्या छातीइतके. नवे चार आडवे ठेवलेले. बुधरीचा सगळ्यांत मोठा. आठ माणसांनी दोन दिवस ओढून आणला म्हणे. मला एका ओंडक्यावर बसवले.

त्यांचा पुजारी झिंगू. म्हातारा, एक डोळा अधू, तोंड अखंड चालू. द्रोणात पाणी घेतो, त्यात मेलेल्याची माती चिमूटभर टाकतो, मग दोन कडांवरून तांदळाचे दोन दाणे सोडतो. एक वाडवडिलांचा, एक मेलेल्याचा. दाणे तरंगत तरंगत एकमेकांना लागले की तो आला. मग दगड उभा.

पहिला एक म्हातारा होता. दाणे सोडताच चिकटले. झिंगू ओरडला, "हा जिता असताना बी असाच! जेवनाच्या आंधी येऊन बसे!" सगळे हसले. त्याची म्हातारी सगळ्यांत जास्त. दुसरा आला. तिसरीला थोडा वेळ लागला, पण आली.

मग बुधरी.

दाणे दूर दूर राहिले. मंगली वाकून द्रोणाशी गोंडीत बोलू लागली, "बुधरी, ये ना वो. मी आली ना. ये." झिंगूने पाणी बदलले, पुन्हा माती टाकली. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा एक दाणा बुडाला.

झिंगूने द्रोण ओतून पालथा घातला. 

मला काय वाटायला हवे होते? पाण्यावर दोन दाणे. वारा होता, द्रोण कलता होता. मी मान खाली घालून बसलो होतो.

लालसू माझ्याकडे आला आणि शेजारी ओंडक्यावर बसला. बराच वेळ तंबाखू मळली. म्हणाला, "नाई आली. तुहंच बरोबर असन, मास्तर. तुह्या देवापाशी असन ती. मीच चुकलो."

इतक्या सहज! बाजारात भाव चुकीचा सांगितला म्हणावे तसे. वीस वर्षे मी हे वाक्य लोकांकडून काढू पाहतो आहे. आज ते ऐकले आणि मी त्याच्या हातातली तंबाखू बघत राहिलो.

"तिथी बरी हाय ना ती?" त्याने विचारले.

मी हो म्हणून मान हलवली.

दगड तसाच आडवा ठेवून सगळे जेवायला बसले. मी पानावर भात तसाच ठेवून उठलो.

३ मार्च, शनिवार

शकुबाई दूध घालायला येते, ती आज दारातूनच, "काऊन जी मास्तर, गोंड लोक आता तुमच्यात येऊन राह्यले मनते! तुमचा देव जिंकला मनते तिकडे! पेढे नाई वाटले तुमी?"

मी म्हणालो, कोणी सांगितले?

"लालसूच सांगते ना साऱ्या गावाले. मास्तर खरा मानूस हाय मनते. आमी तं बाई हसून राह्यलो. दूध कुठी ओतू? भांडं तं धरा!"

भांडे कलते धरले. निम्मे दूध जमिनीवर.

४ मार्च, रविवार

आज उपासनेला सहा.

लालसू आणि मंगली मागच्या बाकावर नाही, खाली जमिनीवर बसली. सगळे उठले की उठत, बसले की बसत. मी वचन वाचताना दोनदा ओळ चुकलो.

संपल्यावर लालसू पुढे आला. माझ्यासमोर उकिडवा बसला.

"माह्या डोक्यावर बी पानी टाक, मास्तर. हिच्या बी."

"का?" मी विचारले. मिशनच्या माणसाने असे विचारायचे नसते.

"आता काय ऱ्हायलं? मी मरन तं माह्या बापाकडं जाईन, आज्याकडं जाईन. आन् पोरगी तिकडं एकटी. तिच्याकडं जायचं तं तुह्याच रस्त्यानं जा लागन ना."

मंगली म्हणाली, "मले मराठी बरोबर नाई येत. तिथी गोंडी बोलनारं कोनी हाय का, ते इचार." नवऱ्याला म्हणाली, पण माझ्याकडे बघून.

हिच्या प्रश्नाचे उत्तर मला कुठल्याच पुस्तकात मिळालेले नाही.

लालसू आपले सगळे सोडायला निघाला आहे. आजा, येनाचे झाड, तो रुसका बाप आणि त्याचा काळा कोंबडा. माझ्या शब्दावर! मी त्याला म्हणालो, ईस्टरपर्यंत थांब, शिकावे लागते. तो म्हणाला, "शिकव. मी काई पळत नाई."

जाताना मंगली कबरस्तानाकडे वळली नाही. आता तिचे तिथे काही नाही, असे तिला वाटते.

५ मार्च

शाळा. सात मुले. प्रार्थनेला गुडघ्यावर बसलो आणि तसाच उठलो.

६ मार्च, मंगळवार

द्रोणात बुधरीची माती नव्हती. मी तिच्या कबरेवर वाकलो होतो. शेजारी यमुना. मनात आले, ही प्रार्थना करून अर्पण केलेली जमीन, हिची माती तसल्या पूजेला कशी द्यायची? म्हणून कुंपणाकडेच्या वाटेवरची भरली. देवही राखला आणि लालसूही, असे स्वतःला म्हणत बाहेर आलो. माती दिसायला सारखीच.

माझा विश्वास पुरता असता तर कुठली माती होती याने मला काही वाटायला नको होते. त्या दिवसापासून मला दुसरे काही सुचत नाही. म्हणजे माझे चुकत असेल, हे मला कधीचेच ठाऊक आहे.

उद्या : बुधरीच्या कबरेवरची मूठभर माती घेऊन लालसूकडे जाणे.