उंबऱ्यावरच्या चौघी

नंदुरबार, मंगळवार

धनूवहिनी,

बचत गटाच्या कर्जातून काढलेलं तुमचं बांगड्यांचं दुकान बंद पडलं, तेव्हा गटाची प्रमुख म्हणून मीच चौघींना घेऊन तुमच्या उंबऱ्यावर बसले. हप्ता मिळेपर्यंत उठायचं नाही, हे त्यांना मीच शिकवलं. तुम्ही चहा केलात. मी वरून साखर मागितली. संध्याकाळी तुम्ही शिलाई मशीन विकलंत आणि महिन्याभरात सुरतला गेलात.

आज त्याच चौघी माझ्या दारात बसल्यात. माझं किराणा दुकानही चालेना. मीही चहा दिला. त्यांच्यातली रुचिका म्हणाली, "चहा गोड शे, पण हप्ता?"

तुमचा पत्ता दोन वर्षं माझ्याकडे पडून होता. आज शोधून काढला, तो माफीसाठी नाही, उसने मागायला. म्हणून हे पत्र टाकत नाही.

तुमची नणंद,
चेतना