खिडकीतला माणूस बाकावर

प्रिय आई,

देवाच्या दयेनं मी ठणठणीत आहे. तुझे गुडघे काय म्हणतात? तेल लावतेस, की नुसतंच ‘हो’ म्हणतेस?

आई, तो आला होता. बाबांना तू इथे घेऊन आलीस, तेव्हा मोठ्या इस्पितळाच्या खिडकीतून ‘कागद अपुरे’ म्हणत तीनदा परत पाठवणारा कारकून. तो निवृत्त झाला, नव्या आरोग्य योजनेत त्याचं नाव गळलं आणि त्याच खिडकीनं त्यालाही हाकललं. चिघळलेला पाय ओढत आमच्या मिशनच्या दवाखान्यात आला. मला ओळखलं नाही. तेव्हा तरी मान कुठे वर केली होती मेल्यानं!

मी विचारलं, ‘कागद?’ तो म्हणाला, ‘नाहीत.’ मग त्याला शेवटच्या बाकावर बसवलं, त्यानंच परत पाठवलेल्या माणसांच्या शेजारी. एक म्हातारी म्हणाली, ‘या साहेब, सरकते मी.’

जखम मीच धुतली. झोंबणारं औषध वापरलं. न झोंबणारंही कपाटात होतं. कन्फेशनमध्ये सांगून टाकलंय.

कागद नसले तरी आजाऱ्याला परत पाठवू नका, असं निवेदन फादर सरकारला देणार आहेत. त्यावर पहिली सही मी त्याचीच घेतली. फादर म्हणाले, ‘आता तरी क्षमा कर.’

बघू. जखम भरायला महिना लागेल. रोज मी ‘कागद?’ विचारीन, रोज तो ‘नाहीत’ म्हणेल आणि रोज मी पट्टी बांधीन. हे इतकं सोपं होतं, हे त्याला महिनाभर दाखवीन.

तुझी,
ननचा झगा घालूनही तापटच राहिलेली लेक