खिशातले खडे

प्रिय ठमे,

तुझा रिपोर्ट पाहिला. साखर काठावर. मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. तुझ्या आईचाही पहिला रिपोर्ट असाच होता. तू लिहिलंस, "बाबा, आईला चालवलंत तसं मलाही चालवा. इकडेच राहायला या."

एकतीस वर्षं मी शाळेत कवायत शिकवली. डॉक्टरांनी तिला व्यायाम सांगितला तेव्हा मला वाटलं, हे तर घरचंच काम. रोज सकाळी शाळेच्या मैदानाला आठ फेऱ्या. मी शिट्टी घेऊन पायरीवर बसायचो. "अहो, मी सातवी ब मधली नाही," असं म्हणत ती निघायची. मोजणीवरून वाद नको म्हणून स्वेटरच्या उजव्या खिशात आठ खडे ठेवायची आणि फेरी झाली की एक डाव्या खिशात टाकायची. मी तोंडीच मोजायचो. मास्तरांची मोजणी चुकत नाही, असं वर तिला ऐकवायचो.

तीन महिन्यांत साखर जराशी उतरली, पण तिच्या पोटऱ्या दुखायला लागल्या. चौथ्या-पाचव्या फेरीला फुटबॉलच्या गोलचा खांब धरून उभी राहायची. थांबलं की दुखणं जायचं, चाललं की पुन्हा यायचं. मी म्हणायचो, सवय नाही, स्नायू थकतात, घाम गाळल्याशिवाय अंग बनत नाही. मुलांना हेच सांगत आलो होतो. डॉक्टरांना विचारू का, असं ती दोनदा म्हणाली. एवढ्यासाठी कशाला, म्हणालो.

डॉक्टरांनी मला नंतर समजावलं. साखर काठावर असतानाच रक्तवाहिन्या आतून कडक आणि अरुंद होऊ शकतात. तिच्या पायांच्या झाल्या होत्या, हृदयाच्याही. चालणं चुकीचं नव्हतं, म्हणाले, दुखणं तपासायला हवं होतं. एका फेरीने काही होत नाही, असंही म्हणाले. माणूस भला आहे.

ती शेवटच्या फेरीत गेली, एवढंच तुला ठाऊक आहे. त्या सकाळी ती पायरीशी आली आणि म्हणाली, "झाल्या आठ, आता बसते." मी म्हणालो, "सातच झाल्यात. मास्तरला फसवतेस?" एरवी उलट बोलली असती. त्या दिवशी तशीच वळली. पलीकडच्या गोलखांबापाशी खाली बसली, ती उठलीच नाही.

हॉस्पिटलने दिलेली कपड्यांची पिशवी दीड वर्ष तशीच बांधलेली होती. तुझं पत्र आलं तेव्हा स्वेटर तुला पाठवावा म्हणून सोडली. उजवा खिसा रिकामा होता. डाव्यात आठ खडे. मी पुन्हा पुन्हा मोजले.

तू चाल, रोज चाल. पोटरी दुखली तर बस आणि डॉक्टरांना सांग. मी येणार नाही. तुझ्या फेऱ्या मोजायला मी नको. स्वेटर पाठवतो आहे, धुतलेला नाही. खडे माझ्याजवळ राहू देत. नवव्या फेरीसाठी तिच्याकडे खडाच नव्हता गं.

तुझाच,
बाबा