स्लॅबवरचा फोटो

नांदेड
दि. ८ ऑक्टोबर २०२५

चि. विशाखास,
मामाचा सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

फोन तीनदा लावला आणि तू उचलायच्या आत तीनदा बंद केला. तोंडानं सांगायची हिंमत नाही, म्हणून हे पत्र.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मी लातूरला आलो तेव्हा तू विचारलंस, तुमच्या सोलरचं कुठवर आलं. मी म्हणालो, पुढच्या वर्षी बघू. पोरी, मी खोटं बोललो. पॅनल स्लॅबवर चढून चार दिवस झाले होते.

तुझा बाप नको म्हणत असताना तुला आयटीआयला घालणारा मी. तुझं वायरमनचं लायसन आलं तेव्हा विहारात माईक धरून अर्धा तास बोललो, पोरींना संधी द्या म्हणून. आणि माझ्याच घराची वेळ आली तेव्हा मनात आलं, हिच्या हातून काही चुकलं तर? टाक्यांची स्टँडं जोडणाऱ्या मल्लेशला बोलावलं. त्याला सोलरचं ना शिक्षण, ना लायसन. बाप्या माणूस आहे, एवढंच बघितलं.

शनिवारी तुझ्या मामीनं पॅनलच्या लोखंडी चौकटीला दोरी बांधून ओले कपडे टाकले. चौकटीत करंट उतरला होता. बिचारी फेकली गेली. जीव वाचला, उजवं मनगट मोडलं. तुझ्या आईला अजून कळवलेलं नाही. मेन बंद करून बसलोय.

तुला बोलवायचा हक्क मी घालवलाय, तरी बोलावतो. ये, आणि आधी माझ्यावर पोटभर रागाव.

तुझा शरमिंदा मामा,
केरबा

लातूर
दि. १३ ऑक्टोबर २०२५

ती. मामांस,
विशाखाचा सविनय जयभीम.

आधी स्लॅबच्या दाराला कुलूप घाला. मेन बंद केलं तरी उन्हात पॅनलमध्ये करंट असतोच.

मामा, मला सगळं माहीत होतं. तुम्ही आलात त्याच्या आदल्या दिवशी मामीनं मोबाईलवर फोटो पाठवला होता, सोलर कसं बसलंय म्हणून. पहिल्याच नजरेत दिसलं, अर्थिंगची तार कुठंच नाही. लोखंडात करंट उतरलाच तर त्याला जमिनीत जायला वाटच नाही. म्हणून तर मी तुम्हाला मुद्दाम विचारलं. तुम्ही धडधडीत खोटं बोललात आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, कळू दे यांना. मामीला उत्तरच दिलं नाही.

एका ओळीचं काम होतं हो. तुम्ही तर नुसता भरवसा ठेवला नाही, मी तो ठेवण्याच्या लायकीचीच निघाले नाही. लायसन आता कपाटात पालथं घालून ठेवलंय. मामीसमोर कोणत्या तोंडानं येऊ? आनंदराज माझ्यासोबत शिकलेला, लायसनवाला आहे. त्याला पाठवते.

माया तुटू देऊ नका.
विशाखा

नांदेड
दि. १८ ऑक्टोबर २०२५

चि. विशाखास,
मामीचा जयभीम.

डाव्या हातानं लिहून राहिले, अक्षराला हसू नको. तुझं पत्र वाचल्यापासून तुझा मामा धड जेवला न्हाई.

तो फोटो मी कौतुकानं न्हवता पाठवला. तारा बघून मला भ्या वाटलं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, तुला काय कळतंय. म्हणून तुला विचारलं. तीन दिवस मोबाईल उशाला घेऊन निजले. मंग वाटलं, आपली विशाखा काय बोलली न्हाई म्हंजी समदं ठीक हाय. त्याच भरवशावर कपडे टाकले.

लई रडले बाई. रागानं बी आन् तुझ्यासाठी बी.

आनंदराज फिनंदराज कुणी नको. तूच ये. ह्यांना शिडी धरून उभं करते, दिवसभर. तार लाव, तपासून बघ, आन् ह्या बारीला ठीक हाय म्हणून तोंडानं सांग. मंग त्याच चौकटीला पयलं लुगडं मीच टाकणार, ओलं.

वाट बघते.
तुझी मामी,
पार्वतीबाई